पगार एक रुपयाही नव्हता, तरी रामन, बोस आणि साहांना एका छताखाली आणणारा कुलगुरू

सी. व्ही. रामन, सत्येंद्रनाथ बोस, मेघनाद साहा आणि सर्वपल्ली राधाकृष्णन.

ही चार नावं शाळेच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. एकाला नोबेल मिळालं, एकाच्या नावावरून बोसॉन कण ओळखले जातात, एकाच्या समीकरणाने ताऱ्यांचं तापमान समजायला लागलं आणि एक पुढे देशाचे राष्ट्रपती झाले.

पण या चौघांना जोडणारा धागा फार कमी जणांना माहिती असतो. या चौघांनाही प्राध्यापकीसाठी एकाच विद्यापीठाने बोलावलं होतं. आणि बोलावणारा माणूसही एकच होता.

तो माणूस शास्त्रज्ञ म्हणून नोकरी करत नव्हता. तो दिवसभर कलकत्ता हायकोर्टात न्यायाधीश म्हणून बसायचा. कुलगुरूपदाचं काम कोर्टाच्या वेळेव्यतिरिक्त करायचा आणि त्याचा पगारही घेत नव्हता, कारण त्या काळी या पदाला पगारच नव्हता.

त्यांचं नाव सर आशुतोष मुखर्जी. बंगाली लोक त्यांना बांगलार बाघ, म्हणजे बंगालचा वाघ म्हणतात.

त्यांच्याबद्दल सोशल मीडियावर एक किस्सा कायम फिरत असतो. रेल्वेत एका इंग्रजाने त्यांची चप्पल बाहेर फेकली आणि त्यांनी त्याचा कोट बाहेर फेकला, असा तो किस्सा. ऐकायला भारी वाटतो. पण त्यांनी विद्यापीठात जे करून ठेवलंय, त्यापुढे हा किस्सा अगदीच किरकोळ आहे.

तर सुरुवातीपासून बघू.

आशुतोष यांचा जन्म २९ जून १८६४ चा, कलकत्त्यातला. वडील गंगाप्रसाद डॉक्टर होते. घरात अभ्यासाचं वातावरण होतं आणि पोरगं गणितात पक्कं निघालं. इतकं पक्कं की कॉलेजात असतानाच त्यांचा गणितावरचा लेख इंग्लंडच्या नियतकालिकात छापून आला.

१८८५ मध्ये त्यांनी गणितात एम.ए. केलं. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रात दुसरं एम.ए. केलं. त्याच वर्षी त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. ही कलकत्ता विद्यापीठाची सगळ्यात मानाची शिष्यवृत्ती होती.

आता हे प्रेमचंद रायचंद कोण, तर आपल्या मुंबईचे कापसाचे व्यापारी. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात जो राजाबाई टॉवर उभा आहे, तो त्यांच्याच देणगीतला आणि त्यांच्या आईच्या नावाचा. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते. त्या पैशांतून ही शिष्यवृत्ती चालायची. एखादा दाता एका विद्यापीठाला पैसे देतो आणि त्यातून पिढ्या उभ्या राहतात, ही गोष्ट आशुतोष यांनी विद्यार्थी असतानाच स्वतःच्या अनुभवातून बघितली होती. पुढे त्यांनी हेच सूत्र वापरलं.

पण इतकं शिकूनही गणितात पोट भरण्याची सोय नव्हती.

शिक्षण खात्याने त्यांना प्राध्यापकीची नोकरी देऊ केली होती. अडचण अशी की तेव्हा युरोपियन प्राध्यापकांचा दर्जा आणि पगार वेगळा आणि भारतीयांचा वेगळा होता. आशुतोष म्हणाले की मला बरोबरीचा दर्जा हवा. सरकारने तो दिला नाही. त्यांनी नोकरी नाकारली आणि वकिली धरली.

म्हणजे देशातला एक अव्वल गणितज्ञ नोकरीच्या दुय्यम अटींमुळे कोर्टात गेला. ही गोष्ट त्यांना कायम लागून राहिली असणार, कारण पुढे त्यांनी उभं केलेलं सगळं काम याच प्रश्नाचं उत्तर होतं. हुशार भारतीय पोरांना संशोधनासाठी मानाची जागा कुठे मिळणार?

वकिलीत त्यांचा जम बसला. १८९४ मध्ये ते कायद्यातले डॉक्टर झाले आणि १९०४ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. पण त्याआधीच, म्हणजे १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत ते विद्यापीठाच्या सेनेटवर गेले होते. तिथे बसून त्यांनी एक गोष्ट नीट समजून घेतली, ती म्हणजे विद्यापीठ नेमकं चालतं कसं.

आणि इथेच खरी गंमत आहे.

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ मध्ये सुरू झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. पण या विद्यापीठांत शिकवलं जायचं नाही. शिकवायची कॉलेजं. विद्यापीठाचं काम काय, तर अभ्यासक्रम ठरवा, परीक्षा घ्या, निकाल लावा, पदवी द्या. थोडक्यात सांगायचं तर एक मोठं परीक्षा मंडळ. स्वतःचे प्राध्यापक नाहीत, प्रयोगशाळा नाहीत आणि संशोधनाचा तर प्रश्नच नाही.

आणि पसारा केवढा? सुरुवातीला कलकत्ता विद्यापीठाचं क्षेत्र लाहोरपासून रंगूनपर्यंत होतं.

मग १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनने विद्यापीठ कायदा आणला. सेनेटमध्ये जास्तीत जास्त १०० सदस्य, त्यातले बहुतेक सरकारने नेमलेले. नियम बदलण्याचे अधिकारही सरकारकडे. विद्यापीठावर सरकारचा फास आवळण्याचा हा डाव आहे, असं राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांचं म्हणणं होतं. आपले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात या विधेयकाविरुद्ध जोरदार लढले होते.

गोखल्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्याच कायद्यात एक कलम असंही होतं की विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक नेमता येतील, स्वतःची ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा उभारता येतील.

कर्झनच्या दृष्टीने कायद्याचा भर होता नियंत्रणावर. आशुतोष यांनी नेमकं हे दुसरं कलम उचललं.

१९०६ मध्ये ते कुलगुरू झाले. दोन-दोन वर्षांच्या सलग चार मुदती, म्हणजे १९१४ पर्यंत त्यांनी हे पद सांभाळलं. त्यांची पहिली मोठी चाल होती नियमावली. नव्या कायद्याखाली विद्यापीठाचे नियम लिहिण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण सगळं इथूनच फिरलं. मॅट्रिकच्या परीक्षेत मातृभाषेतलं लेखन आलं. विद्यापीठाने स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली.

मातृभाषेची ही गोष्ट अचानक आलेली नव्हती. १८९१ मध्येच त्यांनी परीक्षांत देशी भाषा आणण्याचा ठराव सेनेटमध्ये मांडला होता आणि तो फेटाळला गेला होता. पंधरा वर्षं थांबून, सत्ता हातात आल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला.

१९०९ मध्ये विद्यापीठाचं स्वतःचं लॉ कॉलेज सुरू झालं. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, प्राचीन भारताचा इतिहास अशा विषयांची अध्यासनं तयार झाली. त्यातल्या बऱ्याच अध्यासनांना व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि राजाची नावं दिली. मिंटो, हार्डिंज, कारमायकेल, पंचम जॉर्ज. ही खुशामत होती का? म्हणा हवं तर. पण ज्या अध्यासनाला राजाचं नाव आहे, ते बंद करायला सरकारचे हात थरथरणार, हे साधं गणित त्यात होतं.

आता पुढचा प्रश्न. विज्ञानाचं काय?

प्रयोगशाळेला पैसा लागतो. सरकारने हात आखडताच ठेवला होता. मग आशुतोष गेले आपल्याच व्यवसायातल्या माणसांकडे, म्हणजे वकिलांकडे.

तारकनाथ पालित हे कलकत्त्याचे नामांकित बॅरिस्टर. १९१२ मध्ये त्यांनी जमीन आणि रोकड मिळून जवळपास १५ लाखांची संपत्ती विद्यापीठाला दिली. पुढच्याच वर्षी दुसरे मोठे वकील रासबिहारी घोष यांनी १० लाख दिले. त्या काळचे १० लाख म्हणजे काय चीज होती, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

यात आणखी एक पेच आहे. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५-०६ च्या सुमारास, सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालून राष्ट्रीय शिक्षण उभं करण्याची लाट होती. हे दोघेही त्या प्रयत्नांच्या मागे उभे होते. अशा माणसांनी सरकारी कायद्याखाली चालणाऱ्या विद्यापीठाला पैसे का दिले?

कारण अट स्पष्ट होती. या पैशांतून तयार होणाऱ्या अध्यासनांवर फक्त भारतीय प्राध्यापक बसतील.

सरकारी नोकरीत भारतीयाला दुय्यम दर्जा मिळायचा. इथे भारतीय नसेल तर प्रवेशच नाही, असा उलटा नियम झाला. तरुणपणी आशुतोष यांना जी जागा मिळाली नव्हती, तशा जागा आता त्यांच्याच विद्यापीठात तयार होत होत्या.

२७ मार्च १९१४ ला अप्पर सर्क्युलर रोडवर सायन्स कॉलेजची पायाभरणी झाली. आशुतोष यांची कुलगुरूपदाची मुदत त्यानंतर अवघ्या काही दिवसांत संपणार होती. जाता जाता त्यांनी खुंटा घट्ट करून ठेवला.

पण इमारत उभी राहिली म्हणजे विद्यापीठ झालं का? माणसं कुठून आणायची?

आशुतोष यांची खरी कमाल माणसं हेरण्यात होती.

कलकत्त्यात सरकारच्या अर्थखात्यात एक तरुण मद्रासी अधिकारी होता. दिवसभर हिशेब बघायचा आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारमधल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग करायचा. आशुतोष यांनी त्याला थेट पालित प्राध्यापकपद देऊ केलं. तो अधिकारी म्हणजे सी. व्ही. रामन.

अडचण एकच होती. पालित यांच्या देणगीच्या अटीनुसार प्राध्यापकाने परदेशात जाऊन प्रशिक्षण घ्यायला हवं होतं. रामन यांनी नकार दिला. आपल्याला परदेशी शिक्का कशाला हवा, हा त्यांचा मुद्दा. मग त्यांच्यासाठी ती अट बाजूला ठेवण्यात आली. १९१७ मध्ये रामन मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून विद्यापीठात रुजू झाले. १९२८ मध्ये त्यांनी रामन परिणाम शोधला आणि १९३० मध्ये नोबेल मिळवलं, तेव्हा ते पालित प्राध्यापकच होते. प्रयोग मात्र त्यांच्या जुन्या संस्थेतल्या प्रयोगशाळेत झाला होता.

रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र रे आले. बंगाल केमिकल्स हा कारखाना उभारणारे तेच हे.

आणि मग बोस आणि साहा. १९१५ मध्ये दोघेही गणितात एम.एस्सी. झाले होते, एक पहिला आणि एक दुसरा. विशीतली पोरं. आधुनिक भौतिकशास्त्र शिकवायची इच्छा घेऊन ते आशुतोष यांच्याकडे गेले. शिकवणार काय, तर सापेक्षतावाद आणि क्वांटम सिद्धांत, जे भारतात तेव्हा कुणी शिकवत नव्हतं. अनुभव शून्य. तरी १९१६ मध्ये दोघे लेक्चरर झाले.

त्यात पहिलं महायुद्ध सुरू. युरोपातून पुस्तकं येणं अवघड. घोष प्राध्यापक म्हणून नेमलेले देवेंद्रमोहन बोस शिकायला जर्मनीला गेले ते युद्धामुळे तिकडेच अडकले, १९१९ पर्यंत. कलकत्त्यातल्या ब्रुहल नावाच्या प्राध्यापकांकडे जर्मन पुस्तकं होती. ती मागून आणून, जर्मन शिकून, या पोरांनी आधी स्वतः अभ्यास केला आणि मग वर्गात शिकवलं.

त्यातूनच बोस आणि साहा यांनी आइनस्टाइन आणि मिंकोव्हस्की यांच्या सापेक्षतावादावरच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर केलं. १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तक छापलं. आइनस्टाइनचे हे लेख इंग्रजीत आणणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. प्रस्तावना लिहिली होती प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. त्याच वर्षी साहांनी आपलं आयनीभवनाचं समीकरण मांडलं.

आता तुम्ही म्हणाल, फक्त विज्ञानच का?

तर नाही. १९१७ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाचं सगळं काम विद्यापीठाने स्वतःकडे घेतलं. आधी हे कॉलेजांत विखुरलेलं होतं. एका कॉलेजात एक चांगला प्राध्यापक, दुसऱ्यात थोडी पुस्तकं, असा प्रकार. आशुतोष यांचं म्हणणं होतं की चांगली माणसं आणि साधनं एका जागी आणली तरच वरच्या पातळीचं काम होईल. कला आणि विज्ञान अशा दोन परिषदा झाल्या आणि शिकवणाऱ्या लोकांना कारभारात जागा मिळाली.

१९१९ मध्ये भारतीय भाषांमध्ये एम.ए. सुरू झालं. मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे तेव्हा नवे असलेले विषय आले. म्हैसूरहून राधाकृष्णन आले. भारतीय कला शिकवायला चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर आले. भाषाशास्त्राला सुनीतिकुमार चॅटर्जी मिळाले.

आणि प्राचीन भारताच्या इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ मध्ये एक मराठी माणूस आला. देवदत्त रामकृष्ण भांडारकर. पुण्याची भांडारकर संस्था ज्यांच्या नावाने आहे, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव. शिलालेख आणि नाण्यांचे हे जाणकार पुढे जवळपास दोन दशकं कलकत्त्यात शिकवत राहिले.

मद्रासी असो, मराठी असो, बंगाली असो. माणूस कामाचा असला की झालं.

याच काळात, १९१७ ते १९१९ मध्ये, सॅडलर आयोग बसला. कलकत्ता विद्यापीठाची तपासणी करायला नेमलेल्या या आयोगात आशुतोषही सदस्य होते. इंटरमिजिएटचे वर्ग विद्यापीठापासून वेगळे करा आणि त्यानंतर पदवी तीन वर्षांची करा, असं या आयोगाने सुचवलं. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी हा जो साचा आपल्या कित्येक पिढ्यांनी बघितला, त्याच्या मुळाशी ही शिफारस आहे.

इथपर्यंत सगळं झकास वाटतंय. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

हे सगळं चालवायला पैसा यायचा कुठून? देणग्यांमधून अध्यासनं झाली, पण रोजचा खर्च भागायचा परीक्षेच्या फीमधून. विशेषतः मॅट्रिकच्या. जितकी जास्त पोरं परीक्षेला, तितका जास्त पैसा आणि तितकं मोठं पदव्युत्तर शिक्षण.

टीकाकारांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. मॅट्रिकचे निकाल फार सढळ लागतायत, दर्जा घसरतोय, कमी विद्यार्थ्यांसाठी भरमसाट विषय काढले जातायत, असा आरोप झाला. इतिहासकार जदुनाथ सरकार हे यात आघाडीवर होते. शिवाजी महाराजांवर आणि औरंगजेबावर लिहिणारे तेच जदुनाथ. त्यांच्या टीकेत तथ्य होतं, कारण सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता.

आणि तो खांब हलायला लागला.

१९१७ ला पाटणा विद्यापीठ झालं, १९२० ला रंगून, १९२१ ला ढाका. कलकत्त्याचं क्षेत्र आक्रसत गेलं. त्यात १९२१ मध्ये असहकार चळवळ. पोरांनी सरकारी शाळा-कॉलेजं सोडली. परीक्षार्थी कमी, फी कमी. आशुतोष यांचा शिक्षणावरच्या बहिष्काराला विरोध होता, पण लाट अडवणं त्यांच्या हातात नव्हतं.

१९२१ मध्ये ते पुन्हा कुलगुरू झाले ते अशा खडखडाटात. विद्यापीठ तोट्यात गेलं. प्राध्यापकांचे पगार थकले.

तेव्हा बंगाल सरकारने अडीच लाखांची मदत देऊ केली, पण सोबत अटी ठेवल्या. विद्यापीठाच्या हिशेबावर आणि कारभारावर सरकारची पकड बसेल, अशा त्या अटी होत्या.

आता विचार करा. लोकांचे पगार झालेले नाहीत. समोर पैसे ठेवलेत. सही केली की प्रश्न मिटला.

आशुतोष यांनी नकार दिला. सेनेटही त्यांच्या मागे उभं राहिलं. विद्यापीठाचं स्वातंत्र्य विकून पगार करायचे नाहीत, दारोदार जाऊ, उपाशी राहू, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता.

हे बोलणं सोपं नव्हतं, कारण उपाशी राहायची वेळ त्यांच्यावर नाही तर त्यांच्या शिक्षकांवर होती. तरी कित्येक शिक्षक त्यांच्या बाजूने राहिले, ही त्या माणसाची कमाई.

१९२३ मध्ये शेवटचा सामना झाला. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन विद्यापीठाचे कुलपती होते. त्यांनी आशुतोष यांना पत्र लिहून पुन्हा कुलगुरूपद देऊ केलं, पण सरकारला विरोध सोडून सहकार्य करण्याच्या अटीवर. आशुतोष यांनी असं सणसणीत उत्तर पाठवलं की ते पत्र पुढे इतिहासाचा भाग झालं. अटीसकट आलेलं पद त्यांनी परत केलं.

त्याच वर्षी त्यांची लेक कमला गेली. लहान वयात विधवा झालेल्या या लेकीचं त्यांनी १९०८ मध्ये समाजाचा विरोध पत्करून दुसरं लग्न लावून दिलं होतं. तिच्या नावाने त्यांनी विद्यापीठात कमला व्याख्यानमाला सुरू केली.

न्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली. डुमराव संस्थानच्या खटल्यासाठी ते पाटण्याला गेले होते. तिथेच २५ मे १९२४ ला त्यांचं निधन झालं. साठी पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

त्यांच्याकडे सुमारे ८० हजार पुस्तकं होती. कुटुंबाने ती १९४९ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकली. त्यांचे चिरंजीव श्यामाप्रसाद मुखर्जी १९३४ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि पुढे १९५१ मध्ये त्यांनी जनसंघ स्थापन केला.

आज महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना कायद्यानुसार पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. कुठे कोणतं कॉलेज, कोणता विषय, किती जागा, असं सगळं त्यात असतं. आशुतोष यांच्या हातात असा छापील आराखडा नव्हता. पण त्यांच्या कामाचा क्रम बघितला तर तो आराखडाच दिसतो. आधी नियम बदलले, मग पैसा उभा केला, मग माणसं आणली आणि शेवटी त्या माणसांना मोकळं सोडलं.

यातला पैशाचा भाग त्यांना पूर्ण जमला नाही. परीक्षा फीवर संशोधन चालवण्याचा डाव फसला आणि त्याची झळ शिक्षकांना बसली. ज्या विद्यापीठांचा गाडा आजही परीक्षा फी आणि संलग्नता फीवर चालतो, त्यांनी हे प्रकरण नीट वाचण्यासारखं आहे.

पण माणसांचा भाग त्यांना शंभर टक्के जमला. विशीतल्या दोन पोरांना, अनुभव नसताना, देशात कुणी न शिकवलेला विषय शिकवायला देणं, ही जोखीम त्यांनी घेतली. त्यातला एक बोस निघाला आणि दुसरा साहा.

आज विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात आणि तासिका तत्त्वावर पोरं वर्षानुवर्षं शिकवत राहतात. त्यांच्यातही एखादा बोस किंवा साहा असेल. फक्त त्याला ओळखून खुर्ची देणारा कुणीतरी आशुतोष तिथे असायला हवा.